झोपी गेलेला संगणक आणि एक खोटी तारीख

आजचा धागा गडकोटांचा नाही, सनदांचाही नाही. माझ्या टेबलाखालच्या जुन्या डेस्कटॉपचा आहे. तरीही तो इतिहासाचाच आहे, हे शेवटपर्यंत वाचणाऱ्यांना पटावे.

मी केडगावात राहतो (अहिल्यानगरचे केडगाव, दौंडजवळचे नव्हे) आणि प्रबंधासाठी मोडी कागदांचे लिप्यंतर लिनक्सवर करतो. गेल्या पावसाळ्यात संगणक ‘स्लीप’मध्ये ठेवून बाहेर गेलो. परत आलो तर आईने बटण दाबून तो नव्याने सुरू केलेला. जतन न केलेली अकरा पाने गेली. मध्ये वीज गेली होती का, हे तिला आठवत नव्हते.

पहिला संशय अर्थातच विजेवर. आमची पिढी भारनियमनात वाढली. आपल्याकडे कोणत्याही बिघाडाचा पहिला आरोपी तीच. संशयाला आधारही होता. ‘स्लीप’मध्ये सारे यंत्र थांबते, केवळ स्मृतीला वीज मिळत राहते. लॅपटॉपला बॅटरी असते; डेस्कटॉप मात्र भिंतीतल्या सॉकेटवर विसंबून झोपतो. वीज क्षणभर गेली की स्मृती कोरी.

साक्षीदार नाही, म्हणून दप्तराकडे वळलो. लिनक्स प्रत्येक सत्राची नोंद ठेवते. ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेने मागच्या सत्राची वही उघडता येते. शेवटची ओळ झोपेत शिरल्याची होती. पुढे काही नाही. अडचण अशी की झोपेत वीज गेली तरी वही तिथेच थांबते आणि जागे होताना यंत्र अडकले तरीही तिथेच. दोन निराळ्या घटनांचे मौन एकसारखे दिसते.

युपीएस आणला. पुढच्याच वेळी वीज शाबूत, पंखा फिरतो आहे, पडदा मात्र काळा. वीज निर्दोष ठरली.

आता थोडे मागे जाऊ. १९९२ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एपीएम हा संकेत ठरवला. त्यात वीज-व्यवस्थापनाची सूत्रे मुख्यतः मदरबोर्डवरच्या बायॉसकडे होती. डिसेंबर १९९६ मध्ये तोशिबासह या दोघांनी एसीपीआय आणला आणि सूत्रे ऑपरेटिंग सिस्टिमकडे गेली. मदरबोर्ड आता केवळ कोष्टके आणि सांकेतिक सूचना पुरवतो. त्यांचा अर्थ लावून अंमल करायचा तो सिस्टिमने. हे कारभारी बदलण्यासारखेच झाले. दप्तर जुन्याने लिहायचे, वाचायचे नव्याने.

जानेवारी १९९९ मध्ये बिल गेट्स यांनी सहकाऱ्यांना एक ईमेल लिहिला. एसीपीआयची वाढीव अंगे विंडोजपुरती ठेवता येतील का, आपल्या श्रमांवर लिनक्स आयते चालावे हे बरे नाही, असा त्याचा आशय. आयोवा राज्यातील खटल्यात हे पत्र उजेडात आले आणि अनेकांनी लिनक्सच्या झोपेचे सारे खापर त्यावर फोडले. मला हे घाईचे वाटते. पत्राने इच्छा सिद्ध होते, कृती नव्हे. साधे कारण असे की बहुतेक मदरबोर्ड विंडोजवरच तपासून विकले जात. म्हणून आजही मदरबोर्डने ‘तू विंडोज आहेस का?’ असे विचारले की लिनक्स ‘होय’ म्हणते. ‘तू लिनक्स आहेस का?’ या प्रश्नाला होकार देणे तिने २००७ पासून थांबवले, कारण त्या होकाराने गोंधळच वाढे. परमुलखात वेष पालटून वावरणारा हेर आठवतो.

पण माझे यंत्र नेमके कुठे अडकत होते? इथे या धाग्याचा मला सर्वांत प्रिय भाग येतो. जागे होताना यंत्र गोठले की स्मृती जाते, डिस्क अजून उठलेली नसते. नोंद लिहायची कुठे? पुन्हा सुरू केल्यावरही टिकणारी एक जागा उरते: मदरबोर्डवरचे छोट्या सेलवर चालणारे घड्याळ. २००६ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी ‘पीएम ट्रेस’ ही युक्ती लिहिली. ती चालू असता जागे होण्याच्या प्रत्येक पायरीवर एक सांकेतिक आकडा तारीख-वेळेच्या रूपात त्या घड्याळात कोरला जातो. यंत्र गोठले की दोन-तीन मिनिटांच्या आत ते पुन्हा सुरू करायचे, नाहीतर घड्याळ पुढे सरकून आकडा बिघडतो. मग कर्नेल त्या खोट्या तारखेवरून शेवटच्या उपकरणाचा माग काढते.

बनावट तारखेचा कागद आपण बाजूला काढतो. इथे तारीख खोटी होती, म्हणूनच पुरावा खरा होता.

घड्याळाने जुन्या ग्राफिक्स कार्डाकडे बोट दाखवले. एकाच खुणेवर विसंबू नये म्हणून प्रयोग तीनदा केला, तिन्हीदा तेच. कार्ड काढून मदरबोर्डच्याच जोडणीवर पडदा लावला, तेव्हापासून यंत्र निमूट जागे होते. विजेचा धोका मात्र राहतोच. म्हणून आता ‘हायब्रिड स्लीप’ वापरतो: झोपण्यापूर्वी स्मृतीची नक्कल डिस्कवर उतरते. त्यासाठी डिस्कवर स्वॅपची पुरेशी जागा राखून ठेवावी लागते.

त्या प्रयोगांच्या संध्याकाळी इंटरनेट बंद होते, त्यामुळे घड्याळ लगेच दुरुस्त झाले नाही. तेव्हा जतन केलेल्या दोन लिप्यंतरांवर २०३१ सालची तारीख पडली आहे. मी ती तशीच ठेवली आहे.