हॅरिएट टबमन कोण होती? गुलामीतून निसटली आणि इतरांना आणायला पुन्हा पुन्हा परत गेली

हॅरिएट टबमनचा फोटो आणि सोबत एक वाक्य तुमच्याही फीडमध्ये येऊन गेलं असेल. आपण गुलाम आहोत हे लोकांना कळलं असतं, तर मी आणखी हजार जणांना सोडवलं असतं, अशा अर्थाचं. ती असं म्हणाल्याचा पुरावा अभ्यासकांना कुठेच सापडलेला नाही. आणि खरं सांगायचं तर गुलामगिरी म्हणजे काय, हे गुलामांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

हॅरिएटचा जन्म 1822 च्या सुमारास अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात झाला. मूळ नाव अरामिंटा रॉस, घरात म्हणायचे मिंटी. आईवडील गुलाम, म्हणून तीही गुलाम. लहान असतानाच मालक तिला दुसऱ्यांच्या घरी भाड्याने कामाला पाठवायचा. तिच्या तीन बहिणी विकल्या गेल्या. किशोरवयात एका दुकानात मुकादमाने पळणाऱ्या गुलामावर दोन पौंडांचं वजन फेकलं, ते तिच्या डोक्याला लागलं. त्यानंतर आयुष्यभर तिला बोलता बोलता अचानक झोप लागायची.

1844 मध्ये जॉन टबमन या स्वतंत्र कृष्णवर्णीय माणसाशी तिचं लग्न झालं. 1849 मध्ये मालक वारला. आता आपल्यालाही विकतील, हे तिने ओळखलं. आधी दोन भावांसोबत पळाली, पण भाऊ घाबरले आणि तिघंही परतले. मग ती एकटीच निघाली आणि फिलाडेल्फियाला पोचली.

पळून जाणाऱ्यांना मदत करणाऱ्या जाळ्याला ‘अंडरग्राउंड रेलरोड’ म्हणत. यात ना रूळ होते, ना बोगदा. लपायच्या घरांना स्टेशन म्हणायचं, वाट दाखवणाऱ्याला कंडक्टर. हॅरिएट अशी कंडक्टर झाली. ती बहुतेक हिवाळ्यात जायची, कारण रात्र मोठी असते आणि लोक घरात असतात. निघायचं शनिवारी रात्री, म्हणजे पळाल्याची जाहिरात वर्तमानपत्रात सोमवारच्या आधी छापून यायची नाही. सोबत पिस्तूल असायचं. 1850 च्या कायद्यामुळे उत्तरेतल्या राज्यांतूनही गुलामांना पकडून परत नेणं आणखी सोपं झालं, तेव्हा तिने लोकांना थेट कॅनडात पोचवायला सुरुवात केली.

तिने 300 लोक सोडवले, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. तो आकडा तिच्या जुन्या चरित्रातून आला. आजचे अभ्यासक सुमारे 13 फेऱ्या आणि साधारण 70 माणसं असं धरतात. आकडा लहान झाला म्हणून काम लहान होत नाही, कारण पकडली गेली असती तर प्रत्येक फेरी शेवटचीच ठरली असती. म्हाताऱ्या आईवडिलांनाही तिने बाहेर काढलं. सगळ्यांना मात्र नाही. 1860 मध्ये ती बहीण रेचलला आणायला गेली, तर रेचल वारली होती. तिच्या दोन मुलांना सोडवायला लाच द्यावी लागणार होती, 30 डॉलर. तेवढे पैसे नव्हते. मुलं तिथेच राहिली.

यादवी युद्धात ती उत्तरेच्या सैन्यासाठी नर्स आणि हेर होती. जून 1863 मध्ये साउथ कॅरोलिनातल्या कोंबाही नदीवरच्या छाप्यात तिने वाट दाखवली आणि 700 हून जास्त गुलाम एका फेरीत सुटले.

(महात्मा फुल्यांनी 1873 मधलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं, ते याच लढ्यामुळे.)

युद्धातल्या कामाच्या मोबदल्यासाठी तिला तीन दशकांहून जास्त काळ अर्ज करावे लागले. सैनिकाची विधवा म्हणून आठ डॉलर मिळत होते, 1899 मध्ये नर्स म्हणून केलेल्या कामाचे बारा वाढले. एकूण महिना 20 डॉलर. 10 मार्च 1913 ला न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावी ती वारली. 2016 मध्ये अमेरिकी सरकारने तिचं चित्र नोटेवर छापायचं जाहीर केलं, तीही नेमकी 20 डॉलरची. ती नोट अजून चलनात आलेली नाही.