कोरा राहिलेला रकाना

संपाचा इतिहास लिहिताना आपण हिशेब मांडतो तो दिवसांचा आणि पगाराचा. संप किती महिने चालला, मागण्या किती होत्या, पदरात काय पडलं. या हिशेबात एक रकाना बहुतेक वेळा कोरा राहतो : संपात उतरलेला माणूस संपानंतर तोच राहिला का?

गेली वीस-बावीस वर्षं मी मुंबईच्या गिरणी कामगारांविषयी मिळेल ते वाचतो आहे. विद्यापीठाचा शिक्का माझ्यापाशी नाही. नोकरी सांभाळून रविवारी ग्रंथालयात बसायचं, एवढंच माझं शिक्षण. पण हा कोरा रकाना मला स्वस्थ बसू देत नाही, कारण त्यात माझ्या वडिलांचं नाव आहे. त्यांच्याकडे येण्यापूर्वी १९२८ सालाकडे जायला हवं.

त्या वर्षी मालकांनी काटकसरीची नवी पद्धत आणली. विणकराने दोनऐवजी तीन साचे सांभाळायचे, कातणाऱ्याने रिंग फ्रेमच्या एका बाजूऐवजी दोन बाजू बघायच्या. काम वाढणार, माणसं कमी होणार. एप्रिलअखेर मुंबईच्या जवळजवळ सगळ्या गिरण्या बंद पडल्या आणि सुमारे दीड लाख कामगार बाहेर आले. संप मिटला तो थेट ऑक्टोबरच्या सुरुवातीला. याच धामधुमीत, मे महिन्यात, लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन जन्मली. डिसेंबरपर्यंत तिचे ५४ हजार सभासद झाले होते.

डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर ही नावं आपल्याला ठाऊक असतात. नागू सयाजीच्या वाडीतल्या सभांची वर्णनंही वाचलेली असतात. मला मात्र त्या सभा संपल्यानंतर खात्याखात्यांत काय झालं, ते जास्त महत्त्वाचं वाटतं. कारण युनियनने गिरणीगणिक कामगारांच्या समित्या उभ्या केल्या होत्या.

या समित्यांचं मोल कळायला आधी जॉबर समजून घ्यावा लागतो. कामावर घेणारा तो, काढणारा तो. बदलीवाल्याला आज काम मिळणार की नाही, हे सकाळी दाराशी तोच ठरवी. त्यासाठी दस्तुरी चारावी लागे. बायकांच्या खात्यात हेच राज्य नायकिणीचं. वरच्या साहेबापर्यंत कामगाराचा शब्द पोचायचा तो या माणसाच्या तोंडूनच. म्हणजे कामगाराला तक्रार होती, पण वाचा नव्हती.

समितीने ही वाट मोडली. साच्यावरचाच माणूस वर्गणी गोळा करू लागला, पावती फाडू लागला, दंडाची किंवा कमी भरलेल्या पगाराची तक्रार घेऊन थेट ऑफिसात जाऊ लागला. कालपर्यंत ज्याच्यापुढे मान खाली घालायची, त्याला डावलून बोलायचं! मालकांना समित्यांची ही ढवळाढवळ सहन होईना, हे साहजिकच होतं. पैशाचा हिशेब चार लोकांपुढे देणं, दुसऱ्याचं गाऱ्हाणं आपलं म्हणून मांडणं, कराराची कलमं समजून घेऊन इतरांना समजावणं, हे शिक्षण त्या काळी कामगाराला दुसरीकडे कुठे मिळालं असतं?

अर्जुन आळवे आणि जी. आर. कासले हे दोघे स्वतः गिरणी कामगार. आळवे तर युनियनचे अध्यक्ष झाले. मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्याची धरपकड झाली, तेव्हा पुढाऱ्यांच्या बरोबरीने हे दोघेही आरोपी म्हणून मीरतला गेले. साम्राज्य उलथण्याचा आरोप सरकारने गिरणीतल्या माणसांवर ठेवावा, यातच त्यांची वाढ मोजली गेली होती.

तरी ही वाढ सरसकट नव्हती. अस्पृश्य कामगारांना विणखात्यात शिरकाव नव्हता. धोट्यातलं सूत तोंडाने ओढावं लागे, आणि विटाळाचं कारण पुढे केलं जाई. डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांना रोखठोक विचारला. जॉबरपुढे ताठ झालेला माणूस शेजारच्या माणसाला साच्याजवळ उभं राहू देत नव्हता. युनियनचा इतिहास सांगताना हे गाळून चालणार नाही.

आणि विजयही टिकला नाही. समितीच्या माणसांना कामावरून काढण्याच्या वादातून १९२९ च्या एप्रिलमध्ये पुन्हा संप झाला. सप्टेंबरमध्ये चौकशी मंडळाने दोष युनियनवर ठेवला, संप मोडला, युनियन खिळखिळी झाली. नेहमीच्या हिशेबात इथे शून्य मांडून पान उलटतात.

माझ्या घरातही तसंच शून्य मांडलं गेलं. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. त्यांत माझे वडील एक. शिक्षण चौथी. सभेत मागे बसणारे. संपात आमच्या चाळीची धान्यवाटपाची यादी त्यांच्याकडे आली, ती केवळ त्यांचं अक्षर बरं होतं म्हणून. कोणाच्या घरी किती तोंडं, कोण गावी गेलं, कोण लाजेपोटी मागत नाही, हे सगळं ते वहीत लिहीत. एकदा धान्य कमी पडलं, तेव्हा आमचं नाव त्यांनी शेवटी घातलं. आई दोन दिवस बोलली नाही. मला बाराव्या वर्षी तो निव्वळ अन्याय वाटला होता.

गिरणीने त्यांना परत घेतलं नाही. पुढे ते एका इमारतीत रखवालदार झाले. पण संध्याकाळी दाराशी माणसं येत. कोणाचा रेशनकार्डाचा अर्ज, कोणाची फंडाची चौकशी, कोणाला कचेरीत सोबत हवी. मागे बसणारा माणूस साहेबाच्या टेबलापुढे उभा राहून म्हणे, ‘लेखी द्या.’

संपाने त्यांचं काय केलं, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, ‘नोकरी गेली.’ मग थोड्या वेळाने, ‘भीती पण गेली.’

पहिलं वाक्य इतिहासात नोंदलेलं आहे. दुसरं नोंदवावं, म्हणून हा लेख.