उदरवात, यागू आणि गिलानशुश्रूषा

नागसेनवनातील ज्या महाविद्यालयाची स्थापना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली केली, त्यास पुढे ‘मिलिंद’ हे नाव लाभले. ते ज्या ‘मिलिंदपञ्ह’ ग्रंथावरून आले, त्यातील एक प्रश्न पोटाच्या दुखण्यापर्यंत जाऊन पोहोचतो, हे आमच्या नगरातही फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. तथागतांची सर्व अकुशले दग्ध झाली असता त्यांना व्याधी का व्हाव्यात, असे राजा विचारतो आणि चार प्रसंग पुढे ठेवतो. पायास लागलेली दगडाची कपची हा त्यांतील एक. उरलेले तीन म्हणजे लोहितपक्खंदिका (रक्तातिसार), जीवकाने रेचन दिलेला दोषसंचय आणि सेवक स्थविराने ज्यासाठी उष्णोदक मागून आणले तो वातविकार. संयुत्तनिकायात या सेवकाचे नाव उपवाण असे येते. तेथे उष्णोदकासोबत गुळाची काकवीही आहे.

नागसेन उत्तरतात की वेदनेची कारणे आठ : वात, पित्त, कफ, सन्निपात, ऋतुपालट, विषम परिहार, बाह्य उपक्रम आणि कर्मविपाक. कर्म हे आठांतील केवळ एक होय. आमच्या मते हा मुद्दा आजही मोलाचा आहे. ‘इरिटेबल बाउल सिंड्रोम’ने वर्षानुवर्षे गांजलेल्या मनुष्यास, तपासण्या निर्दोष निघाल्या की, घरचेच ‘मनाचे खेळ’ म्हणतात, क्वचित पूर्वकर्मही काढतात. वस्तुतः आतडे व मेंदू यांतील संदेशवहन बिघडून आतडे अतिसंवेदनशील झालेले असते; वेदना खरीच असते.

उपचारांविषयी महावग्गातील भेसज्जक्खंधक अधिक बोलका आहे. राजगृही भगवंतांस उदरवाताचा त्रास झाला, तेव्हा आनंदाने तीळ, तांदूळ व मूग यांची तेकटुल यागू, म्हणजे पेज, शिजविली. पूर्वीही तिनेच आराम पडला होता, हे त्यास ठाऊक होते. परंतु विहारात साठविलेले, विहारात रांधलेले आणि भिक्षूने स्वतः रांधलेले म्हणून भगवंतांनी त्यास दोष दिला. गृहस्थास असा निर्बंध नाही. चूल घरातच आहे! अंधकविंद येथील प्रसंगात यागूचे दहा गुण येतात. वाताचे अनुलोमन आणि आमशेषाचे पचन हे त्यांतलेच. उदरवातावर लोणसोवीरक हे खारट-आंबट पेयही रुग्णास अनुज्ञात होते.

तथापि जुने म्हणून सारे उचलू नये. गुळाने किंवा काकवीने काहींचे पोट अधिकच फुगते. तूरडाळ, कांदा व लसूण यांनी तर अनेकांचे. दुखणे उसळले असता मऊ भात, सालीविना मुगाची पातळ खिचडी, कोमट पाणी, पोटावर शेक आणि थोडथोडे वेळेवर खाणे, इतके बहुधा पुरते. बद्धकोष्ठाकडे कल असल्यास इसबगोल अल्प मात्रेने सुरू करून भरपूर पाण्यासह घ्यावे.

चीवरक्खंधकात कुच्छिविकाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडलेल्या भिक्षूची कथा आहे. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने त्यास धुतले, दोघांनी उचलून मंचकावर निजविले. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही म्हणून कोणी पाहिले नाही, हे तेथील कारण अस्वस्थ करणारे आहे. पुढे सुलभशुश्रूष रुग्णाची पाच अंगे येतात. सोसेल ते करणे, सोसणाऱ्यातही मात्रा जाणणे, औषध घेणे, दुखणे वाढले तर वाढले, उतरले तर उतरले, तसेच राहिले तर तसेच असे शुश्रूषकास यथार्थ सांगणे, आणि वेदना सहन करणे. यांतील दुसरे व चौथे अंग या विकारात निर्णायक होय. काय खाल्ले, किती खाल्ले, केव्हा दुखले, झोप व चिंता कशी होती, याची दोन-तीन आठवडे वहीत नोंद ठेवल्यास आपले पथ्य आपल्यालाच सापडते; दुसऱ्याचे पथ्य उसने घेऊन भागत नाही.

लोहितपक्खंदिका मात्र निराळी. चुंदाच्या भोजनानंतर भगवंतांस झालेला हा विकार घरगुती पेजेचा विषय नव्हे. शौचातून रक्त, ताप, अकारण घटणारे वजन, रात्री झोपेतून उठविणारी कळ किंवा पन्नाशीनंतर प्रथमच उद्भवलेला त्रास असल्यास वही-पेज बाजूस ठेवून ‘घाटी’ गाठावी.