एकलहऱ्याच्या चिमण्या आणि कॉलेज रोडच्या काचा

नाशिकमध्ये कुणालाही थांबवून विचारा, गंगापूर रोडला स्क्वेअर फुटाचा काय भाव चाललाय? रिक्षावाला सांगेल, चहावाला सांगेल, बारावीतलं पोरगंही सांगेल. आता ज्याची तिथे स्वतःची बिल्डिंग आहे त्यालाच विचारा, की बाबा रे, तुझ्या या इमारतीला एका स्क्वेअर फुटामागे वर्षाला वीज किती लागते? तो तुमच्या तोंडाकडे बघत राहील. खोटं कशाला बोलू, दोन महिन्यांपूर्वी मलाही सांगता आलं नसतं. आणि मी वीस वर्षं विजेच्या बातम्या लिहितोय!

पोस्ट जरा लांबली आहे. पण शहर आपलं आहे आणि बिलंही आपलीच आहेत, म्हणून वाचा.

सुरुवात एकलहऱ्यापासून करू. नाशिकरोडच्या पलीकडे दिसणाऱ्या त्या चिमण्या आपल्या इतक्या सवयीच्या झाल्यात की त्यांच्याकडे कुणी मान वर करून बघतही नाही. १९६० मध्ये राज्य वीज मंडळ झालं आणि दहा वर्षांनी, १९७०-७१ मध्ये, एकलहऱ्याला १४० मेगावॅटचे दोन संच उभे राहिले. मग १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॅटचे आणखी तीन. पहिले दोन आता बंद आहेत. त्यांच्या जागी ६६० मेगावॅटचा नवा संच येणार, ही बातमी मी किती वेळा लिहिली असेल ते आता मोजणंही सोडून दिलंय. असो.

मुद्दा वेगळाच आहे. औष्णिक केंद्रात एक गोष्ट रोज न चुकता लिहिली जाते: एक युनिट वीज तयार करायला उष्णता किती लागली. इंजिनिअर मंडळी त्याला ‘हीट रेट’ म्हणतात. आपल्याकडच्या कोळशाचा विचार केला तर एका युनिटमागे ढोबळमानाने पाऊण किलोच्या आसपास कोळसा जळतो. हा कोळसा विदर्भातल्या खाणींतून रेल्वेने इथवर येतो. हीट रेट थोडा जरी बिघडला तरी वरून विचारणा होते, कारण वीज नियामक आयोगाने त्याची मर्यादा ठरवून दिलेली असते. म्हणजे तारेच्या त्या टोकाला पै-पैचा हिशेब आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतही तो आहे, कारण एका नगामागे वीज किती पडली हे कळल्याशिवाय कोटेशनच देता येत नाही. हिशेब थांबतो तो आपल्या दुकानांच्या, ऑफिसांच्या, हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या दारात. तिथे बिल येतं, कुणीतरी कपाळाला आठ्या घालतं, बिल भरलं जातं आणि फाईलला लागतं.

हे असं का झालं? माझ्या मते याचं उत्तर लोडशेडिंगच्या वर्षांत आहे.

चाळिशीच्या पुढच्यांना ते दिवस वेगळे सांगायला नकोत. एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये बंद पडला. मागणी वाढत गेली, पण त्या प्रमाणात नवी वीज आली नाही. जून २००५ मध्ये वीज मंडळाचे तुकडे होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण झालं, त्याच सुमाराला भारनियमन ऐन भरात होतं. मी तेव्हा पत्रकारितेत नवखा. माझं पहिलं नियमित काम कुठलं, तर भारनियमनाचं वेळापत्रक छापायला देणं. त्यात अर्धा तास जरी चुकला तरी सकाळी फोन खणखणायचे. अग्रलेखात चूक झाली तर एकही फोन यायचा नाही.

पुढे महावितरणने एक गोष्ट केली, तिच्याकडे आज मागे वळून बघावंसं वाटतं. त्यांनी फीडरचे गट पाडले. ए, बी, सी, डी करत थेट जीपर्यंत. ज्या फीडरवर गळती कमी आणि वसुली चांगली, तिथे लाईट कमी वेळ जाणार. जिथे गळती जास्त, तिथे जास्त वेळ. या पद्धतीवर लोक चिडले, मोर्चे निघाले, आणि प्रामाणिकपणे बिल भरणाऱ्याला शेजाऱ्याच्या आकड्याची शिक्षा का, हा प्रश्न रास्तच होता. पण एक झालं. गावोगावच्या माणसाला आपला फीडर कोणत्या गटात आहे हे तोंडपाठ झालं. आपल्यासारख्याच दुसऱ्या भागाशी तुलना होते, त्या तुलनेला नंबर असतो आणि त्या नंबरचा आपल्या खिशाशी संबंध असतो, हे महाराष्ट्राने तेव्हा पहिल्यांदा एवढ्या मोठ्या प्रमाणावर अनुभवलं.

ती तुलना फीडरवरच थांबली, इमारतीच्या आत शिरलीच नाही. आपण काय केलं? इन्व्हर्टर घेतले. मेन रोड, एमजी रोडला दुकानांपुढे जनरेटर आले. त्यांची धडधड आणि डिझेलचा तो वास आठवतोय ना? पुण्याने २००६ मध्ये वेगळा मार्ग काढला. कारखान्यांनी आपापले जनरेटर चालवायचे, त्यातून वाचलेली वीज शहराला द्यायची आणि जादा खर्च ग्राहकांच्या बिलात घालायचा. हुशारीचं काम होतं, नाही म्हणत नाही. पण तोही वीज आणायचाच मार्ग होता. आपल्या इमारतीला मुळात एवढी वीज लागते कशाला, हे ना पुण्याने विचारलं ना नाशिकने.

गंमत म्हणजे विचारायची सोय त्याच काळात दिल्लीत तयार होत होती. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्यातून मार्च २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्युरो, म्हणजे बीईई स्थापन झाली. फ्रिज-एसीवर तारे लावणारी हीच ती संस्था. २००७ मध्ये तिने व्यावसायिक इमारतींसाठी ऊर्जा संहिता आणली आणि २००९ मध्ये चक्क ऑफिसच्या इमारतींनाच तारे द्यायला सुरुवात केली. हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? मला नव्हतं.

पद्धत अगदी साधी आहे, चौथीतल्या भागाकाराएवढी. इमारतीत वर्षभरात वापरलेली एकूण युनिटं घ्यायची आणि बांधीव क्षेत्रफळाच्या चौरस मीटरने भागायचं. जो आकडा येईल तो त्या इमारतीचा ऊर्जा निर्देशांक. हवामानानुसार तक्ते वेगळे आहेत. उदाहरणार्थ, उष्ण-कोरड्या भागात निम्म्याहून जास्त जागेत एसी असलेल्या ऑफिसचा आकडा ८० च्या खाली असेल तर पाच तारे, १५५ ते १८० मध्ये असेल तर एकच. एसी कमी असेल तर निकष कडक: पाच ताऱ्यांसाठी ३५ च्या खाली, एका ताऱ्यासाठी ६५ ते ७५. त्याच्याही वर गेलात तर ताराच नाही. हे १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त भार असलेल्या इमारतींसाठी आहे आणि ऐच्छिक आहे. ऐच्छिक म्हटल्यावर आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे.

याचा फायदा होतो का? मुंबईचं एक उदाहरण नोंदलेलं आहे. फोर्टमधलं गोदरेज भवन, १९७२ चं बांधकाम. २०१० मध्ये तिथली एसी यंत्रणा आणि इतर गोष्टी बदलल्या. खर्च ५४ लाखांच्या आसपास, आणि विजेच्या बचतीतून तो पाच वर्षांच्या आत वसूल होईल असा हिशेब निघाला. इमारत पाडली नाही, माणसं हलवली नाहीत. चाळीस वर्षांची जुनी इमारत सुधारू शकते, एवढं त्यातून कळलं.

आता आमच्या ऑफिसची गोष्ट सांगतो, कारण दुसऱ्याच्या घरात डोकावण्याआधी आपलं घर बघावं. आमचं ऑफिस जुन्या कॉम्प्लेक्समध्ये पहिल्या मजल्यावर, ९०० स्क्वेअर फूट, म्हणजे ८४ चौरस मीटर. बारा महिन्यांची बिलं काढली. बेरीज ९,६०० युनिटं. भागाकार ११४. आमचा भार किरकोळ, त्यामुळे ताऱ्यांचा तक्ता आम्हाला थेट लागू नाही, पण अंदाज यायला पुरतो. खाली तेवढ्याच जागेत एका सीएंचं ऑफिस आहे. त्यांच्याकडे माणसं आमच्यापेक्षा जास्त आणि एसी आमच्याइतकेच. त्यांना बिलं मागितली तेव्हा ते हसले, पण दिली. त्यांचा आकडा ७३.

आता ११४ आणि ७३ मध्ये एवढा फरक कुठून आला? रात्री निघताना मीटरचं रीडिंग फोनमध्ये टिपलं, सकाळी आल्यावर पुन्हा टिपलं. ऑफिस बंद, तरी रात्रीत चार युनिटं गेलेली! कॅमेऱ्यांचा डबा एवढं खाणार नाही. वायरमनला बोलावलं. त्याने वायर धरत धरत गच्चीपर्यंत नेलं. वर एका क्लासचा जुना पाटीबोर्ड, आतल्या ट्यूब रात्रभर पेटलेल्या, टायमर लावलेला. क्लास जागा सोडून कधीच गेला, त्याच्या पाटीची वीज आमच्या मीटरवरून चालू. रोजची चार युनिटं म्हणजे वर्षाला १,४६०. आमच्या दराने सतरा हजारांच्या घरात. किती वर्षं असं चाललं होतं, तो हिशेब मी मुद्दाम केला नाही.

पाटी गेली तरी आकडा ९७ वर येतो. उरलेला फरक कशाचा, तर आमच्या पश्चिमेच्या काचेचा. आधी तिथे लाकडी खिडक्या आणि वर छज्जा होता. काही वर्षांपूर्वी ‘लूक’ पाहिजे म्हणून सगळं काढून अखंड काच बसवली. मार्च उजाडला की दुपारी दोननंतर तिथे बसवत नाही, मग एसी १८ वर. बीईईचाच अंदाज आहे की तापमान एका अंशाने वर ठेवलं तर एसीची वीज सुमारे सहा टक्के वाचते. १ जानेवारी २०२० पासून नवे एसी सुरू होताना २४ वर सुरू व्हावेत असा नियमही आला. आमच्या ऑफिसात मात्र रिमोट ज्याच्या हाती तो राजा.

आणि हे आमच्याच ऑफिसचं नाही. सराफ बाजारातल्या सरकारवाड्यात भर मे महिन्यात जाऊन उभे राहा, मग कॉलेज रोडच्या एखाद्या काचेच्या शोरूमबाहेर उभे राहा. जाड भिंत, चौक, लाकूड हे सगळं या गावाला ठाऊक होतं. हवापालटाला लोक देवळालीला यायचे, असलं हे गाव! आता आपण आधी काचेतून ऊन आत घेतो आणि मग ते बाहेर काढायला एकलहऱ्याला कोळसा जाळतो.

हे आत्ताच लिहायचं कारण २०२७ चा सिंहस्थ. हॉटेलं उभी राहताहेत, व्यापारी संकुलं उभी राहताहेत. कुंभ संपेल, पाहुणे जातील, पण इमारती पन्नास वर्षं इथेच राहतील आणि बिलं येत राहतील. २०२२ च्या दुरुस्तीने ऊर्जा संवर्धन कायद्याची व्याप्ती निवासी इमारतींपर्यंत वाढवता येते, पण संहिता आपापल्या हवामानाप्रमाणे बसवणं आणि लागू करणं हे काम राज्याचं. ते होईल तेव्हा होईल.

तोवर महापालिकेला एक गोष्ट करता येण्यासारखी आहे, आणि तिला फार पैसे लागत नाहीत. इंग्लंडमध्ये २००८ पासून मोठ्या सरकारी इमारतींच्या दर्शनी भागात वीजवापराचं प्रमाणपत्र लावावं लागतं. न्यूयॉर्कने २००९ मध्ये मोठ्या इमारतींना दरवर्षी आकडे देणं बंधनकारक केलं आणि २०२० पासून तिथे दारावर ए, बी, सी, डी अशी श्रेणी लावतात. म्हणजे आपल्या फीडरच्या गटांसारखंच, फक्त इमारतीला! राजीव गांधी भवन, विभागीय कार्यालयं, महापालिकेची हॉस्पिटलं, नाट्यगृहं, या सगळ्यांची बिलं आपल्याच करातून जातात. प्रत्येक इमारतीच्या दारावर वर्षाची युनिटं, चौरस मीटर आणि भागाकार एवढे तीन आकडे रंगवून टाकावेत. शेजारी शेजारी ठेवले की कुठली इमारत वीज खाते ते कुणालाही दिसेल. येत्या आठवड्यात तसा लेखी अर्ज देतोय. काय उत्तर येतं ते इथेच लिहीन.

तुमचं दुकान, क्लिनिक, ऑफिस, लॉज असेल तर बारा बिलं काढा आणि भागाकार करून आकडा कळवा. स्क्वेअर फुटाचे चौरस मीटर करताना १०.७६ ने भागायचं, तिथेच चूक होते. आमच्या मीटरच्या पेटीवर मी खडूने ११४ लिहून ठेवलंय. काचेवर बाहेरून बांबूचे पडदे सोडायचे की पुन्हा छज्जा करायचा, यावर मालकांशी बोलणी चालू आहेत. मालक म्हणतात, लूक जाईल.