थडगी मोजण्याआधी

संशोधनाच्या तयारीला लागलेल्या मित्रांनो, आज आपण एक दफनभूमी वाचूया. हो, वाचूयाच! कारण तीही एक डेटाशीटच असते.

उत्तर फ्रान्समध्ये मर्विल नावाचं एक छोटं गाव आहे. पहिल्या महायुद्धात १९१५ ते १९१७ या काळात आघाडी त्याच्या पूर्वेला, थोड्याच अंतरावर होती. गावात लाहोर कॅज्युअल्टी क्लिअरिंग स्टेशन, म्हणजे आघाडीमागचं लष्करी रुग्णालय होतं. तिथे दगावलेल्या सैनिकांना गावच्याच दफनभूमीत पुरत. ऑगस्ट १९१६ मध्ये शेजारी नवी जागा सुरू झाली. पण अधिकाऱ्यांचे दफन मार्च १९१८ पर्यंत जुन्याच जागेत होत राहिले. १९१७ साली स्थापन झालेल्या इम्पीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने हुद्दा न बघता सगळ्यांना सारखे दगड द्यायचं ठरवलं. दगड सारखे झाले, जागेतला भेद मात्र तसाच राहिला. फक्त दगड बघितले असते तर तो तुम्हाला दिसलाच नसता.

आता समजा, तुम्हाला भारतीय सैनिक शोधायचे आहेत. भारतीय पायदळ १९१५ च्या अखेरीस फ्रान्स सोडून मेसोपोटेमियाकडे गेलं. म्हणजे पायदळातल्या शिपायासाठी आधी जुना भाग तपासायचा. तारखा जुळवल्या की अर्धं काम होतं.

पण थडगी मोजून 'इतके भारतीय मेले' असं लिहिलंत, तर फसलात! थडगं कोणाला मिळालं? जो रुग्णालयापर्यंत पोचला आणि ज्याची ओळख पटली, त्याला. मार्च १९१५ मध्ये जवळच्याच नव्ह शापेलला भारतीय तुकड्या लढल्या. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले गढवाल रायफल्सचे गबर सिंग नेगी तिथेच पडले. त्यांचं नाव थडग्यावर नाही, १९२७ साली उघडलेल्या स्मारकाच्या भिंतीवर आहे. ज्यांच्या थडग्याचा पत्ता नाही अशा ४,७०० हून अधिक भारतीयांची ती भिंत आहे. आपल्या भाषेत हा सॅम्पलिंग बायस.

आणि भिंतसुद्धा पुरी पडत नाही. मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात लढल्या. तिथल्या बसरा स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली; साध्या शिपायांचा फक्त आकडा, पलटणीच्या नावाखाली. कमिशनच्याच २०२१ च्या अहवालाने ही असमानता मान्य केली.

म्हणून सातारा-रत्नागिरीकडचा कोणी शिपाई त्या दगडांवर सापडला नाही, तर 'तो नव्हताच' असा निष्कर्ष काढू नका. यादी कोणी केली, कधी केली आणि कोणाला वगळून केली, हे आधी विचारा. कोरा रकाना म्हणजे शून्य नव्हे. तुमच्या प्रबंधातही हे लक्षात ठेवा.