ग्लासगोच्या आधी जयगड

अंजनवेलच्या दीपगृहापाशी तुम्ही उभे आहात. साल १९९९, मे महिना. शर्ट पाठीला चिकटलाय. खाली वाशिष्ठी समुद्राला मिळते, पलीकडे दाभोळ. डोंगर कापून सपाट केलेल्या जागेवर एन्रॉनची धुराडी नुकतीच तापली आहेत : पहिला टप्पा, ७४० मेगावॅट. परदेशी गॅस अजून यायचाय, तोवर नाफ्था जळतोय. शेजारच्या वेलदूरच्या बायकांनी दोन वर्षांपूर्वी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. क्योटोचा हवामान करार त्याच वर्षी झाला, पण इथल्या भांडणात त्याचं नाव नाही. भांडण आहे पाण्याचं, मासळीचं, जमिनीचं आणि मुंबईत बसून ठरलेल्या युनिटच्या दराचं.

जागचे न हलता दोन वर्षं पुढं सरका. एवढ्या महागाची वीज परवडत नाही म्हणून वीज मंडळानं हात वर केलेत आणि धुराडी थंड पडलीत. डिसेंबरात तिकडे अमेरिकेत कंपनीनंच दिवाळं काढलं. २००५ मध्ये एन.टी.पी.सी. आणि गेल यांच्याकडे कारभार जातो, पाटी बदलते. गॅस आला की संच चालू, आटला की बंद. मधे काही वर्षं रेल्वेनं इथली वीज घेतली, एवढंच.

आता गाडीत बसा. गुहागरवरून तवसाळ, तिथून फेरीबोट. बोट पलीकडे जयगडला लागेस्तोवर २०११ उजाडलंय. इथं थंडबिंड काही नाही. तीनशे मेगावॅटचे चार संच, कोळसा जहाजानं परदेशातून येतो, जळतो, राख होते. धुरानं मोहोर करपेल या धास्तीनं बागायतदार थेट दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेत. प्रकल्प व्हायचा तो झालाच.

हे दोन शेजारी एकत्र बघा, म्हणून तर तुम्हाला एवढं फिरवलं. एका युनिटमागे गॅसचा कार्बन कोळशाच्या साधारण निम्मा. एकाच जिल्ह्यात निम्मा सोडणारा झोपलेला आणि दुप्पट सोडणारा रात्रंदिवस जागा! कारण साधं आहे. वीज घेताना सर्वांत स्वस्त ती आधी, महाग ती नंतर, अशी यादी लावतात. मेरिट ऑर्डर म्हणतात तिला. त्या यादीत कार्बनचा रकानाच नाही. देशाचं हवामान धोरण म्हणजे मोठ्या परिषदांमधली भाषणं असं आपल्याला वाटतं. ते खरं या यादीत असतं. आणि ही यादी वाचायला कुणी जात नाही.

त्याच २०११मध्ये खाली राजापूर तालुक्यात उतरा. माडबनचा सडा, कातळावर वाळलेलं गवत, खाली नाट्याचं बंदर. १८ एप्रिल. जपानात फुकुशिमा होऊन सव्वा महिनाही झालेला नाही. साखरीनाट्यात पोलिसांचा गोळीबार होतो, एक तरुण मच्छीमार जातो. इथं होऊ घातलेला ९,९०० मेगावॅटचा अणुप्रकल्प कार्बन सोडणार नाही, हे खरंच आहे. केंद्राची पर्यावरण मंजुरी पाच महिन्यांपूर्वी ३५ अटींसह मिळालीय. पण नाट्याच्या माणसाला कार्बनचं सांगून काय उपयोग? त्याला भीती आहे ती समुद्रात सुटणाऱ्या गरम पाण्याची. स्वच्छ वीज हवी असं मलाही वाटतं, आणि तरी त्या दिवशी सड्यावर उभं राहून ते मोठ्यानं म्हणायची माझी छाती झाली नसती.

थोडं मागं चला, १९९८. कोकण रेल्वे सगळी सुरू झालेली. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा. गाडी आत शिरली की डिझेलचा धूर खिडकीतून डब्यात येतो, कुणीतरी "अरे काच ओढ, काच" म्हणून ओरडतं, बाईच्या पदराआड पोर खोकतं. बाहेर आल्यावर नाक पुसलं तर रुमाल काळा. त्याच खिडकीपाशी बसून २०२२च्या जूनमध्ये या. ७४१ किलोमीटरवर तारा ओढून झाल्यात, २० तारखेला लोकार्पणही झालं. या बदलाला कुणी आडवं आलं नाही. येईल कशाला? जमिनी नव्वदच्या दशकातच देऊन झाल्या होत्या. तारेतली वीज अजून बरीचशी कोळशाची आहे, धूर बोगद्यातून उठून दुसऱ्या कुणाच्या तरी गावी गेलाय. पण उद्या वीज स्वच्छ झाली तर गाडीही आपोआप होईल. डिझेलच्या इंजिनाचं तसं नव्हतं.

मधल्या ग्लासगोच्या हवामान परिषदेत तुम्हाला न्यायचं मी मुद्दाम टाळलं. १ नोव्हेंबर २०२१ला पंतप्रधानांनी २०७०पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं वचन तिथं दिलं. पुढच्या बारा दिवसांत मसुद्यात 'कोळसा बंद करू'च्या जागी 'कमी करत आणू' असं आलं, भारताच्या आग्रहानं. आग्रह चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. ज्या देशाचे दिवे कोळशावर लागतात त्यानं खोटं का बोलावं? पण कमी करत आणायचं म्हणजे कुठं, कधीपासून, हे गावाचं नाव घेऊन अजून कुणी बोललेलं नाही.

तेव्हा २०७० राहू द्या. त्याआधीचं, २०५०च्या आसपासचं जयगड बघा. ते मी कल्पनेनंच दाखवतोय. असे संच तीस-चाळीस वर्षं चालवतात, म्हणजे यांचं वय झालेलं असणार. ग्रामसभा भरली आहे. ज्यांच्या बापांनी प्रकल्पाविरुद्ध सह्या केल्या, त्यांचीच मुलं तिथं कामाला लागली आणि आता तीच बंद नको म्हणून पुढं बसलीत. बागायतदार मागच्या बाकावर, गालातल्या गालात हसतायत. जिल्ह्याहून आलेले साहेब पडद्यावर आलेख दाखवतात, न्याय्य संक्रमण वगैरे समजावतात. एक म्हातारी उठते. साहेब म्हणतात, "बोला आजी."

"बंद करा नायतर चालू ठेवा," ती म्हणते, "माजा पोरगा कुटं लागंल ता आदी सांगा. नि चाळीस वर्साची राख साटलीय, ती कोन उचलनार, ता कागदावर लिवून द्या."

साहेब वही शोधू लागतात.