राजाने चित्र मागवलं, राजानेच उतरवलं

परवा गावात देवळाच्या जीर्णोद्धाराची बैठक होती. कुणीतरी म्हणालं, "भिंतीवरची जुनी चित्रं आता कोण बघतंय? घासून टाइल्स लावू." माना डोलल्या. मीही गप्प बसलो. ते मनाला लागून राहिलंय, म्हणून आज एक गोष्ट सांगतो. लांबची आहे, स्पेनची.

पास्कुआल बायलोन (१५४०–१५९२) हा मेंढपाळ. पुढे फ्रान्सिस्कन मठात साधा सेवेकरी झाला. मिस्सामधल्या पवित्र भाकरीत ख्रिस्त असतो ही कॅथलिक श्रद्धा, आणि याची सगळी भक्ती त्या भाकरीवर. कष्ट करता करता त्याला तिचं दर्शन व्हायचं, असं सांगतात. आपल्याला सावता महाराजांचा मळा आठवावा, असाच हा माणूस. १६९० मध्ये चर्चने त्याला संत ठरवलं.

१७६७ मध्ये राजा तिसरा कार्लोस याने आरान्हुएथच्या नव्या सान पास्कुआल चर्चसाठी सात वेदीचित्रं मागवली. कुणाकडून? व्हेनिसच्या ज्यांबात्तिस्ता तिएपोलोकडून. हा रोकोको शैलीचा बादशहा: हलके रंग, मोकळं आकाश, ढगांत तरंगणारे देवदूत. वय सत्तरीला आलेलं, तरी गड्याने दोन वर्षांत सातही चित्रं पुरी केली. मुख्य चित्रात बागेत काम करणारा पास्कुआल गुडघ्यांवर बसलाय आणि वरून देवदूत ती भाकर घेऊन येतोय.

मार्च १७७० मध्ये तिएपोलो माद्रिदमध्ये वारला. चित्रं चर्चमध्ये लागली, पण काही वर्षांतच उतरवली गेली. चित्रं वाईट होती म्हणून नाही. दरबारात हवा बदलली होती. आता आंतोन मेंग्सची शिस्तबद्ध, ग्रीक-रोमन वळणाची चित्रकला चालू झाली होती. मुख्य वेदीवर मेंग्सचं चित्र आलं. विषय तोच, संत तोच, राजाही तोच! बदलली फक्त आवड.

तिएपोलोचं ते चित्र पुढे कापलं गेलं. आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात त्याचे तुकडे आहेत: एकात संत, दुसऱ्यात भाकर आणणारा देवदूत. ज्याला दर्शन झालं तो एका चौकटीत, आणि दर्शन दुसऱ्या चौकटीत. अखंड चित्र कसं होतं हे कळतं, कारण त्याचा छोटा रंगीत नमुना लंडनच्या कोर्टोल्ड संग्रहात टिकला.

आवड बदलणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण उतरवलेलं चित्र जपता येतं, कापलेलं जोडता येत नाही. आणि आपल्या भिंतीवरचं चित्र तर उतरवताही येत नाही. ते घासलं की संपलं. त्याचा नमुना लंडनला ठेवलेला नाही, मंडळी.

पुढच्या बैठकीत मी बोलणार आहे. निदान आधी नीट फोटो काढू, जाणकाराला दाखवू, मग ठरवू. तुम्ही येताय ना?